‘तू मोठी आहेस ना, दे त्याला’ याऐवजी काय करायचं? भावंडांना वाटून घ्यायला शिकवताना

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी सहज मोजलं. सकाळच्या चहापासून रात्री अंथरुणं घालेपर्यंत आमच्या घरात "तू मोठी आहेस ना, दे त्याला" हे वाक्य अकरा वेळा म्हटलं गेलं. सहा वेळा मी म्हटलं, चार वेळा सासूबाईंनी आणि एकदा नवऱ्याने, तेही मोबाइलमधून डोकं वर न काढता. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीन. अकराही वेळा तिने दिलं. रात्री झोपताना मात्र तिने विचारलं, "मी लहान होते तेव्हा मला कोण द्यायचं?"

कोणीच नाही. ती लहान होती तेव्हा घरात ती एकटीच होती. हे तिला सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी तिला थोपटलं आणि गप्प बसले.

त्यानंतर वर्षभर आम्ही काय काय करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. यातलं काही जमलं, काही साफ फसलं. एक गोष्ट मात्र आता पक्की कळली आहे. हातातून काढून दुसऱ्याला दिलं, की देणारा द्यायला शिकत नाही आणि घेणारा रडायला शिकतो.

आधी वय बघा

दीड वर्षाचं बाळ स्वतःचं चोखलेलं बिस्किट आईच्या तोंडात कोंबतं आणि लगेच परत मागतं. त्याला वाटून खाणं म्हणता येणार नाही, पण त्यातला आनंद खोटा नसतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना खाऊ मिळाला तेव्हा त्यांचे चेहरे जितके खुलले, त्याहून जास्त ते बाहुलीला खाऊ देताना खुलले, आणि स्वतःच्या वाटीतला दिला तेव्हा तर सगळ्यात जास्त. म्हणजे द्यायची हौस आपल्याला पेरावी लागत नाही. ती मारून टाकू नये, एवढंच आपल्या हातात.

अडीच-तीनला "माझं!" सुरू होतं आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "फार आपमतलबी झालाय हा." तसं नसतं. वस्तू कुणाची तरी असते, आणि मी वेगळा, ताई वेगळी, हे त्याला नुकतंच उमगलेलं असतं. नवा शब्द मिळाला की मूल तो दिवसभर वापरतं, तसंच हे. या वयाच्या मुलाकडून वाटणीची अपेक्षा नकोच. दोन-तीन मिनिटं थांबला तरी पुष्कळ.

पाच-सहाला डोक्यात तराजू बसतो. तिला अर्धा चमचा जास्त का, हे विचारायला ही मुलं झोपेतून उठतील. झुरिचच्या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांना गोळ्या वाटायला दिल्या. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपलं बघत होती, सात-आठच्या मुलांचा कल मात्र सारख्या वाटणीकडे स्पष्ट झुकलेला होता.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते २०१३ मधलं एक अमेरिकन संशोधन. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन विचारलं, की किती द्यायला हवेत? अगदी लहान मुलंही म्हणाली, अर्धे. पण लहानांनी प्रत्यक्षात स्वतःकडे जास्त ठेवले. वर, आपण जास्त ठेवणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं! तेव्हा "बाळा, वाटून खावं" हे प्रवचन बंद करायला हरकत नाही. त्याला कळत नाही असं नाही. हातून सुटत नाही.

पहिली पायरी: तीन ढीग

उदार व्हायचं तर आधी काहीतरी आपलं असावं लागतं. घरातलं प्रत्येक खेळणं कुणीही कधीही मागू शकतं अशी स्थिती असेल, तर मूल प्रत्येक वस्तूला चिकटून बसणार. म्हणून सुरुवात वाटण्यापासून करू नका, मालकीपासून करा.

एका सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये चादर अंथरा आणि घरातली झाडून सगळी खेळणी तिच्यावर ओता. (सोफ्याखालचीही. आमच्याकडे दोन लाटणीही निघाली.) मग तीन ढीग करा: तिचं, त्याचं आणि आपलं. ठोकळे, चेंडू, भातुकली, क्रेयॉन, पत्ते हे ‘आपलं’. हा ढीग सगळ्यात मोठा असू द्या. ‘माझं’साठी प्रत्येकाला झाकणाचा एक डबा, आणि डब्यात मावेल तेवढंच. आमच्याकडे आठ-आठ वस्तू बसल्या. साडेतीन वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही, म्हणून मी टिकल्यांचं पाकीट फोडलं. तिच्या वस्तूंना लाल टिकली, त्याच्या वस्तूंना हिरवी. पंधरा दिवसांत निम्म्या टिकल्या गळाल्या, पण तोवर कुणाचं काय हे दोघांनाही पाठ झालं होतं.

नियम एकच. दुसऱ्याच्या डब्यातलं हवं असेल तर विचारायचं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर विषय संपला. तिथे मोठ्या माणसाने शिष्टाई करायची नाही. हे लिहायला सोपं आहे. धाकटा लादीवर लोळण घेऊन रडत असतो, थोरली डबा मिठीत धरून बसलेली असते आणि आपल्या जिभेवर ते अकरा वेळांचं वाक्य आलेलं असतं. गिळा. धाकट्याला उचलून घ्या, "तुला हवं होतं आणि नाही मिळालं, होय रे" एवढं म्हणा आणि दुसऱ्या खोलीत जा.

तीन गोष्टी या हिशेबाच्या बाहेर ठेवा. झोपताना लागणारी गोधडी, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा किंवा कान तुटलेला ससा कधीच कुणाला द्यायचा नाही, पाहुण्यांच्या बाळालाही नाही. शाळेचं दप्तर आणि पाण्याची बाटली ज्याची त्याची. आणि वाढदिवसाची भेट पहिला आठवडाभर फक्त त्याचीच.

पाहुणे यायच्या आधी दोघांना विचारा, "आज कपाटात काय ठेवायचं?" जे आत गेलं ते गेलं. बाहेर राहिलं ते सगळ्यांचं. यातून वाचणारी रडारड मोजता येणार नाही.

आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात, कुणीही न सांगता, थोरलीने स्केचपेनचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. "घे. पण टोपण लावायचं." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मुद्दाम बाहेर आले नाही.

दुसरी पायरी: कुणावर राज्य?

‘आपलं’ ढिगात भांडण व्हायचंच, कारण सायकल एक आणि बसणारे दोन. इथे वाटणी वस्तूची नसते, वेळेची असते. मुलांना पाळीची कल्पना नवी नाही. लपंडावात आपल्यावर राज्य येतं, मग दुसऱ्यावर जातं, हे त्यांना माहीत असतं. तेच घरात आणायचं.

लहान मुलाला "पाच मिनिटं" हा शब्द निरर्थक आहे. त्याला दिसेल किंवा ऐकू येईल असं माप द्या. झोक्यावर वीस झोके, आणि मोजायचे ज्याला थांबायचंय त्याने. धाकटा असाच वीसपर्यंत मोजायला शिकला, जरी चौदा तो अजून गाळतो. सायकलवर सोसायटीच्या तीन फेऱ्या. आणि घरात असताना माझं आवडतं माप म्हणजे कुकर. "दोन शिट्ट्या होईपर्यंत तुझं, मग ताईचं." शिट्टीशी हुज्जत घालता येत नाही आणि ती कुणाची बाजू घेत नाही. फक्त कुकरची रिंग सैल नाही ना, ते आधी बघा. एकदा वाफ कडेनेच जात राहिली, शिट्टी होईना, आणि थोरली धुमसत पंचवीस मिनिटं ओट्याशी उभी होती. वरणही लागलं.

मोबाइलचा टायमर मी टाळते. पहिल्या दिवसापासून भांडण खेळण्यावरून उठून मोबाइलवर गेलं.

चित्र काढणं, ठोकळ्यांचा वाडा, कोडं जुळवणं अशा कामांना मात्र घड्याळ लावू नका. वाडा अर्धा झालेला असताना शिट्टी वाजली म्हणून उठवणं हा अन्याय आहे. तिथे "झालं की देते" हाच नियम. गंमत म्हणजे घड्याळ नसलं की मुलं बऱ्याचदा लवकर सोडतात.

दोघांनाही एकेक वाक्य शिकवून ठेवा. मागणाऱ्याचं: "तुझं झालं की मला देशील?" धरलेल्याचं: "आत्ता नको, झालं की देते." भांडण पेटल्यावर ही वाक्यं शिकवता येत नाहीत. दुपारी, पोट भरलेलं असताना, बाहुल्यांच्या तोंडी घालून खेळाखेळात घोकून घ्या. आणि "झालं की देते" म्हणणाऱ्याने खरंच दिलं की नाही, यावर तुमचं लक्ष हवं. एकदा जरी ते विसरलं गेलं, तर मागणारा पुढच्या वेळी सरळ हिसकावणार आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटणार नाही.

तिसरी पायरी: खाऊची वाटणी

सगळ्यात मोठी शाळा इथे भरते, कारण रोज भरते.

एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. चिक्की, पुरणपोळी, ऑम्लेट, कैरी, सगळ्याला हेच. आमच्या थोरलीने पहिल्या दिवशी पुरणपोळी कातरण्याने कापली तेव्हा डोळा मिटून नेम धरल्यासारखी बघत होती. दोन्ही तुकडे समोर ठेवले, खाली वाकून उंची बघितली, एकाचा कडेचा चिमूटभर भाग काढून दुसऱ्यावर ठेवला. मग धाकट्याने क्षणभरही विचार न करता जवळचा उचलला. त्या पाच मिनिटांत मला एकही शब्द बोलावा लागला नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती सुरी देता येत नसेल तर त्याला लाडू फोडायला द्या, चुरमुरे दोन वाट्यांत एकेक करून टाकायला द्या.

पेय ओतताना मात्र भांडी सारखी घ्या. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना उंच अरुंद पेल्यातलं दूध बसक्या पेल्यातल्या तेवढ्याच दुधापेक्षा जास्त वाटतं. समोर ओतून दाखवलंत तरी! तेव्हा "अरे, सारखंच आहे" म्हणून घसा कोरडा करू नका, दोन एकसारखे स्टीलचे पेले घ्या. तुकड्यांचंही तेच. एका पोळीचे चार तुकडे केले की लहानग्याला ती एका अख्ख्या पोळीपेक्षा जास्त वाटते. मी याचा गैरफायदा घेते, हे कबूल करते.

सारखं म्हणजेच न्याय, असं मात्र शिकवू नका. साडेतीन वर्षांचं पोट आणि सात वर्षांचं पोट एक नसतं. "तिला भूक जास्त आहे म्हणून तिला दोन. तुला अजून लागलं तर तुलाही मिळेल" असं उघड सांगितलं तर मुलांना पटतं. लपूनछपून जास्त दिलं तर कधीच पटत नाही.

आणि चिमणीचे दात! आपल्या पिढीने शाळेत एक गोळी तिघींत अशीच खाल्ली आहे. गोळीवर फ्रॉकचं टोक धरायचं आणि वरून कटकन दातांनी फोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. हे मी दोघांना शिकवलं. स्वच्छतेच्या दृष्टीने त्या फ्रॉकविषयी मी काही बोलणार नाही, पण एकच गोळी दोघांत फोडायचा प्रश्न आमच्याकडे मिटला. फोडण्यातच इतकी मजा येते, की तुकडा लहान का मोठा हे बघायचं राहून जातं. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला कडक गोळी देऊ नका, घशात अडकते. गूळपापडी, बिस्किट ठीक.

भांडण पेटलंच तर

हात उगारले गेले असतील तर आधी दोघांच्या मध्ये बसा. लागलं असेल त्याच्याकडे पहिल्यांदा बघा, मारणाऱ्याला ओरडणं नंतरही होतं. भांडणाची वस्तू शांतपणे स्वतःच्या हातात घ्या. आणि "कोणी सुरुवात केली?" हा प्रश्न आयुष्यातून काढून टाका. त्याचं खरं उत्तर मला आजवर एकदाही मिळालेलं नाही.

जे दिसतंय ते बोला. आमच्याकडचा एक नमुना:

"इथे दोन मुलं आहेत आणि एक जेसीबी आहे."

"आई, त्याने ओढला!"

"तुझं खेळणं चालू होतं आणि मध्येच ओढला गेला. आणि तू बराच वेळ थांबला होतास, हो ना रे?"

"होऽऽ. खूऽऽप थांबलो."

"मग आता काय करायचं? तुम्ही दोघं ठरवा. तोवर हा फ्रिजवर."

वस्तू फ्रिजवर जाते ती शिक्षा म्हणून नाही. काय ठरलं ते दोघांनी मिळून येऊन सांगितलं, की खाली येते. ठराव मूर्खपणाचा असला तरी मान्य करायचा. "मी माती भरणार आणि तो रिकामी करणार" असा करार त्यांनी एकदा आणला. दोन दिवस टिकला. मी सुचवलेली कुठलीही युक्ती एवढी टिकली नव्हती. लहान मूल तीनच्या खाली असेल तर ठराव त्याच्याकडून यायचा नाही. तिथे दोन पर्याय तुम्ही द्या आणि एक निवडू द्या.

जबरदस्तीने "सॉरी म्हण" करवून घेऊ नका. त्यापेक्षा पाडलेला वाडा परत रचायला मदत कर, हे बरं.

द्यायची सवय

इथवर झाला तो न्याय. औदार्य ही त्याच्या पुढची गोष्ट, आणि ते मागून मिळत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे एक दुःखी बाहुली ठेवली. काही मुलांना स्टिकर स्वतः ठेवायचा की तिला द्यायचा हे ठरवू दिलं, काहींना द्यायलाच सांगितलं. पुढे दुसऱ्या बाहुलीची वेळ आली तेव्हा स्वतः ठरवून दिलेल्या मुलांनी जास्त स्टिकर दिले. घरात याचा अर्थ साधा आहे. "दे" म्हणू नका, "द्यायचं का तू ठरव" म्हणा, आणि नाही म्हटलं तर तोंड पाडू नका.

बक्षीसही नको. जर्मनीतल्या लायपझिगला २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग झाला. मदत केल्यावर ज्यांना खेळणं मिळालं, ती नंतर कमी मदत करू लागली. तेव्हा "भावाला दिलंस म्हणून चॉकलेट" हा सौदा बंद. "शहाणी माझी बाय ती" हेही जपून वापरा. त्यापेक्षा जे झालं ते दाखवा: "तू पतंग दिलास आणि बघ, तो कसा उड्या मारतोय."

दोघांना मिळून काम द्या. लायपझिगमध्येच २०११ च्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी दोघांनी मिळून दोर ओढून गोट्या मिळवल्या, तेव्हा त्यांनी त्या सारख्या वाटून घेतल्या. आयत्या मिळालेल्या गोट्या तशा वाटल्या गेल्या नाहीत. मटार सोलणं, तिळाचे लाडू वळणं, कुंडीत मेथी पेरणं. दोघांच्या हाताने सोललेल्या मटारवरून आमच्याकडे अजून भांडण झालेलं नाही. खाऊन संपतात, ती गोष्ट वेगळी.

आणि सण आहेतच. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट जातं, ते मुलांच्या हातून पाठवा. काय काय ठेवायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. धाकट्याने गेल्या वर्षी समोरच्या आजींना एकच शंकरपाळी वाढली, कारण त्याला शंकरपाळ्या आवडतात. जाऊ द्यायचं. ताट रिकामं परत येत नाही हे त्याने स्वतः पाहिलं, आजींनी त्यात साखर घालून दिली. या वर्षी त्याने मूठभर ठेवल्या. संक्रांतीच्या बोरन्हाणात मात्र मी काही शिकवत नाही. डोक्यावरून बोरं, हलवा, गोळ्या पडत असताना झडप घालणं हाच तिथला धर्म. लूट झाल्यावर सगळ्यांच्या ओंजळी एका ताटात रिकाम्या करून मग वाटतो.

जुनी खेळणी देऊन टाकताना मी एक घोडचूक केली. चाक निखळलेला एक ट्रक धाकट्याला न विचारता देऊन टाकला, वाटलं, याला कुठे आठवतोय. दोन महिने तो ट्रक शोधत होता, आणि त्या दोन महिन्यांत त्याने कुणालाही काही हात लावू दिलं नाही. आता देणारा स्वतः निवडतो. आणि मोडकं द्यायचं नाही, हा नियम आम्हा मोठ्यांसाठी आहे.

घरातली मोठी माणसं

सगळं केलंत आणि आजी-आजोबांशी बोलला नाहीत, तर व्यर्थ. पण मुलांसमोर बोलू नका. मी सासूबाईंना दुपारी भाजी निवडताना म्हटलं, "आई, रोज तीच देते, आणि तो रडला की मिळतं हे त्याला कळलंय. आपण दोघी थोडे दिवस काहीच बोलायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "अगं, लहान आहे तो." मग जरा वेळाने देठं मोडता मोडता म्हणाल्या, "आमच्याकडेही मीच द्यायचे. भाऊ पाच होते."

हे स्पष्ट लिहायला हवं. आपल्या घरांत मोठेपणा पुष्कळदा मुलीच्याच वाट्याला येतो. मोठी असली तर मोठी म्हणून दे, धाकटी असली तर तो दादा आहे म्हणून दे. सायीचा गोळा, पुऱ्यांतली फुगलेली पुरी, खिडकीची जागा कुणाकडे जाते, ते आठवडाभर फक्त बघा. आपल्याच घरात बघा.

मोठ्या मुलाला रोज दहा-पंधरा मिनिटं तुमची एकट्याची द्या, ज्यात धाकट्याचा वाटा नाही. बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा ही जास्त चालते, आणि तीच आमच्याकडून सगळ्यात जास्त चुकते.

नवं बाळ आलेलं असेल, घर बदललेलं असेल, तर महिनाभर हे सगळं गुंडाळून ठेवा, मुलं मागे जाणारच. रोज एकमेकांना इजा होईपर्यंत मारामारी होत असेल किंवा एक मूल दुसऱ्याला घाबरून राहत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला.

सुरुवात करताना सगळं एकदम काढू नका. पहिल्या रविवारी टिकल्या आणि ढीग, पंधरा दिवसांनी शिट्टी, मग सुरी आणि पुरणपोळी.

सध्या आमच्या फ्रिजवर एक हिरवं विमान आहे. मंगळवारी सकाळी ठेवलं होतं, ठराव करून या म्हटलं होतं. आज शनिवार. मी त्यावरची धूळ पुसली आणि तिथेच ठेवलं.